समलिंगी आणि तृतीयपंथी इतिहासाची साधने: शोध कोणत्या क्रमाने घ्यावा

दरवर्षी लघुप्रबंधांचे विषय ठरले की महिन्याभरात एक तरी विद्यार्थी येऊन सांगतो, की या विषयावर महाराष्ट्रात साधनेच नाहीत. काय शोधले, असे विचारले की उत्तर ठरलेले असते. संगणकावर ‘एलजीबीटी महाराष्ट्र इतिहास’ एवढे टाइप केले, चार बातम्या आणि दोन मुलाखती मिळाल्या, ग्रंथालयाच्या यादीत तोच शब्द टाकला तर काहीच आले नाही. साधने आहेत, मात्र आपण आज वापरतो त्या नावाने ती नोंदलेली नाहीत. गुन्हा, आजार, इनाम, करमणूक अशा शीर्षकांखाली ती पडून आहेत, आणि ज्या कारकुनाने किंवा ग्रंथपालाने नोंद केली त्याच्या शब्दांत विचारल्याखेरीज ती हाती लागत नाहीत. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्यावेत. पहिले दोन टप्पे कंटाळवाणे वाटतात म्हणून बहुतेक जण ते गाळतात आणि पाचव्या टप्प्यावर अडकतात.

१. काळ, प्रदेश आणि अंमल ठरवा

‘महाराष्ट्रातील तृतीयपंथी समाजाचा इतिहास’ हा शोधण्याजोगा विषय नव्हे, कारण १९६० पूर्वी महाराष्ट्र नावाचे राज्यच नव्हते आणि कागद त्या त्या काळच्या सरकारने ठेवले. पुणे, सातारा, ठाणे हे जिल्हे मुंबई इलाख्यात होते. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्यामुळे तिथल्या कागदांसाठी नागपूरच्या पुराभिलेखागाराची वाट धरावी लागते. कोल्हापूर संस्थानाचे दप्तर कोल्हापुरात आहे.

मराठवाड्याच्या बाबतीत सर्वाधिक चूक होते. हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तिथे १३२९ फसली, म्हणजे सुमारे १९१९ सालचा, तृतीयपंथीयांची नोंदवही ठेवण्याची तरतूद असलेला स्वतंत्र कायदा होता. तेलंगणात तो कागदोपत्री इतका टिकला, की तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला तो थेट २०२३ मध्ये. औरंगाबाद किंवा बीडवर काम करणारा विद्यार्थी मुंबईत महिना घालवतो आणि रिकाम्या हाताने परततो, याचे कारण त्याचे कागद हैदराबादला आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे उर्दूत.

गोव्याचा हिशेब आणखी वेगळा. १९६१ पूर्वी तिथे पोर्तुगीज कायदा असल्यामुळे ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ त्या काळातील गोव्याला लावून चालत नाही. गोव्याचे इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक धर्मन्यायालय, १५६० मध्ये स्थापन झाले आणि मधला थोडा खंड सोडता १८१२ पर्यंत चालले. पुरुषांमधील संबंध हा त्या न्यायासनापुढच्या गुन्ह्यांपैकी एक होता, पण मूळ खटल्यांचे बहुतेक कागद नष्ट झालेले आहेत. पत्रव्यवहार आणि याद्या उरल्या आहेत त्या मुख्यतः लिस्बन आणि रिओ दि जानेरो येथे. पोर्तुगीज येत नसेल तर हा काळ विषयातून आत्ताच वगळावा.

*तपासणी:* विषय एका वाक्यात लिहा. त्यात आरंभीचे वर्ष, शेवटचे वर्ष, प्रदेश आणि त्या काळचा अंमल ही चारही नावे आली नसतील तर पुढे जाऊ नका.

२. शब्दांची वही तयार करा

वेगळी वही घ्या आणि प्रत्येक पानावर एक काळ लिहा. त्या काळात या माणसांना, या संबंधांना आणि या गुन्ह्यांना कोण काय म्हणत होते, ते त्या पानावर उतरवा. मराठीसाठी मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन आधी उघडावेत. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई ग्रंथालय प्रकल्पामुळे दोन्ही घरबसल्या शोधता येतात. हिजडा, खोजा, पावया, जोगता, नाच्या, षंढ, नपुंसक हे शब्द एकमेकांचे पर्याय नाहीत. जोगता हा यल्लमाच्या परंपरेतला, पावया हा वेगळ्या परंपरेतला, तर नाच्या हे तमाशातले काम आहे. ‘तृतीयपंथी’ हा अलीकडचा शब्द जुन्या कागदात शोधण्यात अर्थ नाही.

इंग्रजी सरकारी कागदांसाठीही स्वतंत्र पान हवे. तिथे ‘युनक’ (eunuch), ‘सॉडमी’ (sodomy), ‘अननॅचरल ऑफेन्स’ (unnatural offence) हे शब्द येतात, आणि ते रोमन लिपीत, एकवचनी व अनेकवचनी अशा दोन्ही रूपांत शोधावे लागतात. ‘ट्रान्सजेंडर’ किंवा ‘गे’ शोधून एकोणिसाव्या शतकातले काही मिळणार नाही.

मग वर्णलेखन. समलिंगी, समलैंगिक, समकामी, समसंभोगी, तृतीयपंथी, तृतीयपंथीय, तृतीय पंथी ही सारी रूपे एकेक करून पाहावीत. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या मजकुरात अनुच्चारित अनुस्वार येतात, त्यामुळे शोधशब्दाभोवतीचे शब्दही वेगळे दिसतात. आणि स्कॅन केलेल्या पानावर ‘सम-’ ओळीच्या शेवटी आणि ‘लिंगी’ पुढच्या ओळीच्या सुरुवातीला असेल तर संगणक ते दोन वेगळे शब्द समजतो. मी एकदा एका जुन्या मासिकाच्या डिजिटल प्रतीत शोध लावला तेव्हा शून्य निकाल आला. पाने एकेक करून चाळल्यावर शब्द तीन ठिकाणी सापडला, आणि त्यांतल्या दोन ठिकाणी तो असाच तुटलेला होता.

*सावधान:* कागदातला शब्द अपमानास्पद असला तरी अवतरणात तो बदलू नका आणि आपल्या विवेचनात तो वापरू नका. त्याचप्रमाणे आजची ओळख मागच्या माणसावर लादू नका. संगीत नाटकात स्त्रीपार्टी करणारा नट केवळ त्या कामामुळे समलिंगी किंवा तृतीयपंथी ठरत नाही. हा दोष मला प्रबंधांत इतक्यांदा दिसतो, की आता तो पहिल्याच भेटीत सांगून टाकतो.

३. दुय्यम साहित्य आधी, पण मर्यादित

पुराभिलेखागारात जाण्यापूर्वी तीन आठवडे दुय्यम साहित्याला द्यावेत, त्याहून जास्त नाही. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या संकेतस्थळावरील प्रबंध पाहताना निष्कर्षांपेक्षा शेवटची संदर्भसूची वाचावी, कारण कोणत्या विभागाच्या कोणत्या फाइली आधी कोणी पाहिल्या ते तिथे कळते. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली हे मुंबईतून निघणारे साप्ताहिक भारतीय संदर्भासाठी अनिवार्य आहे. आंतरराष्ट्रीय नियतकालिकांपैकी जर्नल ऑफ होमोसेक्शुॲलिटी (१९७४ पासून), जर्नल ऑफ द हिस्टरी ऑफ सेक्शुॲलिटी (१९९० पासून) आणि जीएलक्यू (१९९३ पासून) ही तीन चाळावीत. सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून अनेक प्रकाशकांची नियतकालिके उघडता येतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी ग्रंथपालांना विचारावे.

ग्रंथालयाच्या कपाटात ड्यूई पद्धतीचा ३०६.७६ हा क्रमांक लैंगिक कल आणि लिंगभावाचा, ३०६.७६६ समलिंगी विषयाचा आणि ३०६.७६८ पारलिंगी (ट्रान्सजेंडर) विषयाचा आहे. पण जुन्या ग्रंथालयांत पुस्तके पुन्हा वर्गीकृत झालेली नसतात. ड्यूईच्या १९३२ च्या आवृत्तीत हा विषय मानसिक विकृतीच्या क्रमांकाखाली घातलेला होता आणि पुढे तो वैद्यकातही गेला, म्हणून ६१६.८५८३ चे कपाट आणि मानसशास्त्राचे कपाट हातांनी चाळलेच पाहिजे. एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आम्हाला हवे असलेले पुस्तक ‘बालसंगोपन’ अशी चिठ्ठी लावलेल्या फळीवर मिळाले. ते तिथे कसे गेले हे विचारण्याच्या फंदात आम्ही पडलो नाही.

४. कायद्याची कालरेषा भिंतीवर लावा

ही कालरेषा एका कागदावर लिहून टेबलासमोर लावावी, कारण यातील तारखा चुकल्या तर सगळे प्रकरण चुकते. भारतीय दंडविधान १८६० चे, अमलात आले १ जानेवारी १८६२ रोजी. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा आणि त्याचा दुसरा भाग ‘युनक’ म्हणून नोंदलेल्यांविषयीचा. प्रौढांमधील संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळणारा दिल्ली उच्च न्यायालयाचा नाझ फाउंडेशन निकाल २ जुलै २००९, तो फिरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा कौशल निकाल ११ डिसेंबर २०१३, तृतीय लिंगाला मान्यता देणारा नालसा निकाल १५ एप्रिल २०१४, ते संबंध पुन्हा गुन्ह्यातून वगळणारा सर्वोच्च न्यायालयाचा नवतेजसिंग जोहर निकाल ६ सप्टेंबर २०१८. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१९ चा, अमलात आला १० जानेवारी २०२० रोजी. विवाहाविषयीचा सुप्रियो निकाल १७ ऑक्टोबर २०२३ चा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ला समांतर कलमच नाही.

निकालाबद्दलची बातमी वाचून निकाल उद्धृत करू नये; मूळ निकाल वाचावा. १८८४ चा खैरातीचा खटला हे याचे ठसठशीत उदाहरण. हा खटला ‘हिजड्याला झालेली शिक्षा’ म्हणून सर्रास दिला जातो. प्रत्यक्षात अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरोपीला सोडून दिले, कारण गुन्हा केव्हा, कुठे आणि कोणाबरोबर घडला यांपैकी काहीही आरोपात नमूद नव्हते. शिक्षा खालच्या न्यायालयाने दिली होती. ज्याने फक्त मथळा वाचला त्याने नेमका उलटा अर्थ लावला. मुंबई इलाख्यावर काम करणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे, की सिंध १९३६ पर्यंत याच इलाख्यात होता. त्यामुळे कराचीच्या न्यायालयाचे १९२५ आणि १९३४ चे कलम ३७७ वरील निकाल त्याच्या कक्षेत येतात.

*सावधान:* कलम ३७७ च्या खटल्यांत स्त्रिया जवळजवळ सापडत नाहीत, कारण कलमाची भाषाच प्रवेशाच्या कृतीवर बेतलेली होती. स्त्रियांच्या सहजीवनाचा माग हरवल्याच्या तक्रारींत, अपहरणाच्या फिर्यादींत आणि पालकांनी दाखल केलेल्या बंदीप्रत्यक्षीकरण (हेबियस कॉर्पस) याचिकांत काढावा लागतो. कलम ३७७ ची निकालपत्रे वाचून ‘महाराष्ट्रात स्त्रियांचे असे संबंध नव्हते’ असे लिहिलेला एक मसुदा माझ्यापुढे आलेला आहे.

आकड्यांबाबतही हाच काटेकोरपणा हवा. २०११ च्या जनगणनेत भारतात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद ‘इतर’ या लिंगरकान्यात आहे. हा आकडा समलिंगी लोकसंख्येचा नाही, आणि प्रगणकाने दारात उभे राहून जे विचारले, घरच्यांनी जे सांगितले, तेवढेच तो दाखवतो.

५. पुराभिलेखागार: तयारी दोन दिवस, बैठक दहा दिवस

मुंबईचे पुराभिलेखागार फोर्टमध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे, आणि पेशवे दप्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आधी घरी बसून चाळावे. जाताना मार्गदर्शकाचे किंवा संस्थेचे पत्र आणि ओळखपत्र यांच्या प्रती बरोबर न्याव्यात. पत्रात विषय सरळ लिहावा, मात्र त्यात काळ व विभाग असावेत. ‘समलैंगिकतेविषयी कागद हवेत’ असे लिहिले की कर्मचारी प्रामाणिकपणे सांगतात, तसा विषय आमच्याकडे नाही.

मागणीचिठ्ठीवर विभाग, वर्ष, खंडाचा क्रमांक आणि त्यातील संकलनाचा क्रमांक लागतो. म्हणजे खरे काम सूचीच्या वाचनात आहे. आणि इथे एक गोष्ट विसरू नये: हिजड्यांविषयीचे कागद फक्त न्याय किंवा पोलीस विभागात नसतात. मराठी अमलापासून चालत आलेले त्यांचे हक्क आणि नेमणुका पुढे चालवायच्या की बंद करायच्या, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबई सरकारपुढे आला, आणि नेमणूक म्हटली की फाइल महसूल विभागात जाते. म्हणून सूची वाचताना महसूल, इनाम, न्याय, पोलीस आणि वैद्यकीय असे पाच विभाग ठरवून घ्यावेत, आणि रोज एकच विभाग घ्यावा.

पुण्यात कागद मोडीत आहेत आणि ते रुमालांत बांधलेले आहेत. दोन महिन्यांचा मोडी वर्ग केलेला विद्यार्थी छापील उतारे वाचू शकतो, घाईत लिहिलेले दप्तर त्याला वाचता येत नाही. तेव्हा एक तर वर्षभर आधीपासून सराव करावा, किंवा मोडी वाचकाचे मानधन खर्चात धरावे आणि प्रबंधात त्यांचे नाव कृतज्ञतेने द्यावे.

टिपणाची पद्धत अशी ठेवावी. प्रत्येक पानाच्या डोक्यावर पुराभिलेखागार, विभाग, वर्ष, खंड, संकलन आणि पृष्ठ ही सहा पदे आधी लिहावीत, मजकूर नंतर. छायाचित्राची परवानगी असेल तर पहिले छायाचित्र खंडाच्या पाठीवरील चिठ्ठीचे घ्यावे. हे मी शहाणपणाने सांगत नाही. उमेदवारीच्या काळात मी एकशे चाळीस पाने टिपली आणि पाठीची चिठ्ठी टिपायची राहिली; तीन आठवड्यांनी ती पाने दोन खंडांपैकी कोणत्या खंडातली हे सांगता येईना, आणि पुन्हा पहाटेची गाडी धरावी लागली.

*तपासणी:* दिवस संपताना कोणतेही एक टिपण मित्राला द्या. केवळ त्यावरून त्याला मागणीचिठ्ठी भरता आली पाहिजे.

६. नियतकालिके आणि वर्तमानपत्रे

र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक १९२७ ते १९५३ या काळात निघाले, आणि मराठीतील लैंगिक विषयांवरील सार्वजनिक बोलण्यासाठी त्याला तोड नाही. त्यात लेखांपेक्षा वाचकांचे प्रश्न मोलाचे आहेत. तिथे संपादक सोडून इतर माणसांचा आवाज येतो, मात्र तो संपादकाने निवडलेला असतो, हे विसरू नये. या मासिकावरील १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर कर्व्यांचे वकील होते, तेव्हा मासिक आणि खटल्याचे कागद शेजारी ठेवून वाचावेत.

वर्तमानपत्रे तारखेने मागवावीत, विषयाने नव्हे. डिसेंबर १९९८ च्या पहिल्या पंधरवड्यात दोन स्त्रियांच्या प्रेमावरील ‘फायर’ या चित्रपटावरून मुंबईतील चित्रपटगृहांवर हल्ले झाले. त्या पंधरवड्याची निदान तीन मराठी दैनिके, तीही अग्रलेख आणि वाचकांच्या पत्रांसह, काढावीत. दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि पुणे नगर वाचन मंदिर येथे जुने अंक मिळतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी पत्रांचे मूळ अंक मिळत नसतील तर सरकारने करवून घेतलेले देशी वृत्तपत्रांचे इंग्रजी सारांश पाहावेत, पण ते भाषांतरकाराच्या नजरेतून आलेले आहेत, ही नोंद तळटीपेत असावी.

७. चळवळीचे कागद

‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी मंडळींचे नियतकालिक १९९० मध्ये मुंबईत सुरू झाले आणि हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये स्थापन झाला. अमेरिकेतील दक्षिण आशियाई समलिंगी मंडळींचे ‘त्रिकोण’ १९८६ चे. मुंबईतील स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट १९९५ चा, तो पुढे ‘लेबिया’ झाला. पुण्यातील समपथिक ट्रस्ट २००२ चा, आणि मराठीतून काम करणाऱ्यांसाठी त्याचे साहित्य महत्त्वाचे. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘क्वामरा’ या संग्रहात कलम ३७७ च्या न्यायालयीन लढ्याची कागदपत्रे आणि चित्रफिती जपलेल्या आहेत. स्त्रियांच्या बाबतीत मुंबईचा ‘स्पॅरो’ हा स्त्रियांविषयीचा संग्रह आणि विद्यापीठांतील स्त्री अभ्यास केंद्रे यांच्याकडे विचारणा करावी, कारण हे कागद पुष्कळदा स्त्री चळवळीच्या खोक्यांतच राहिले. परदेशी संग्रहांची शीर्षके समजत नसतील तर ‘होमोसॉरस’ या शब्दसूचीतून त्यांचे नेमके विषयशब्द घ्यावेत.

*सावधान:* जुन्या अंकांतील पत्रमैत्रीच्या जाहिरातींत माणसांची नावे आणि पत्ते असतात. अंक छापील आहे म्हणून ते पुन्हा छापण्याची मुभा मिळत नाही. त्यातला माणूस आज सत्तरीत असेल आणि घरी कोणाला काही ठाऊक नसेल.

८. मुलाखती सर्वांत शेवटी

अनेक जण सुरुवात मुलाखतींनी करतात आणि तिथेच माहिती देणाऱ्यांचा विश्वास गमावतात. ज्याने कालरेषा पाठ केलेली नाही तो ‘तेव्हा कसे होते?’ एवढेच विचारू शकतो. संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधी घ्यावी, संमतिपत्र मराठीत असावे, आणि त्यात नाव, आवाज, छायाचित्र व अवतरण यांसाठी चार वेगवेगळ्या सह्या असाव्यात. हिजडा समुदायात गुरूची परवानगी घेणे रीतीला धरून आहे, पण गुरूचा होकार म्हणजे चेल्याचा होकार नव्हे. ती सही स्वतंत्रपणे आणि एकांतात घ्यावी. टोपणनाव देताना गाव, वय, धंदा आणि घराणे ही चारही तशीच ठेवली तर टोपणनावाचा उपयोग होत नाही. यांपैकी किमान दोन तपशील धूसर करावेत आणि तसे केल्याचे प्रास्ताविकात सांगावे.

९. सादरीकरणापूर्वीचा आठवडा

पीएच.डी.चा प्रबंध शोधगंगेवर परिशिष्टांसह चढतो, आणि तिथे तो कोणालाही उतरवून घेता येतो. परिशिष्टात मुलाखतींचे पूर्ण उतारे जोडलेले असतील तर प्रकरणांत पाळलेली गुप्तता तिथे फुटते. म्हणून अंतिम पीडीएफ तयार झाल्यावर तीत प्रत्येक माहितीदाराचे खरे नाव, आडनाव आणि गाव एकेक करून शोधावे, आणि हा शोध तळटीपा, छायाचित्रांखालच्या ओळी व आभाराचे पान यांनाही लावावा. आभाराच्या पानावरच नावे सर्वांत जास्त निसटतात. खऱ्या नावांची यादी प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवू नये. ती वेगळ्या, कुलूपबंद जागी ठेवावी आणि संमतिपत्रात लिहिलेल्या मुदतीनंतर नष्ट करावी.